तातांच्या चालीचं दुसरं कडवं

पोर्ट हार्लन,
२१ एप्रिल १९७४

चि. सौ. ब्रोन्या हिस लोजाताईचे अ. उ. आ.

तुझं ईस्टरचं कार्ड ईस्टर उलटून आठवडा झाल्यावर पोचलं. वाळवंटात राहायला गेलीस म्हणून टपालही उंटावरून पाठवायलाच हवं का? असो. माझा बाब्का केक या वर्षी मधोमध बसला. शेजारच्या हेलेनानं तो खाऊन फार छान झालाय म्हणून सांगितलं, म्हणजे बाईची जीभ गेली. तुझा खोकला कसा आहे ते खरं खरं लिही, नेहमीसारखं बरी आहे म्हणून उडवून लावू नकोस.

इथली बातमी चांगली नाही. या मोसमानंतर आपलं बेसबॉलचं मैदान पाडणार हे नक्की झालं. नवीन मैदान हायवेजवळ होतंय, पण तिथं ऑर्गन नाही. तिथं म्हणे गाण्यांच्या फिती लावतील. क्लबच्या त्या कोवळ्या मॅनेजरनं मला बोलावून सांगितलं की तुमची सेवा आम्ही विसरणार नाही. असं सांगणारा माणूस संध्याकाळपर्यंत विसरलेला असतो. इतकी वर्षं त्या लोखंडी जिन्यानं वर चढले, तळ्यावरच्या वाऱ्यात बोटं कापलेले हातमोजे घालून ऑर्गन वाजवला, आता गुडघ्यांना तेवढा आराम मिळेल.

आता जे लिहायचं नाही असं ठरवून बसले होते ते लिहिते. आज मोसमातला पहिला रविवारचा सामना होता. सहाव्या डावात आमच्या फलंदाजाची बुटाची नाडी तुटली आणि सगळे खोळंबले. अशी फट पडली की ती मी भरायची, हे माझं कामच. काय वाजवावं याचा विचार न करता वाजवत होते, आणि मधेच लक्षात आलं की बोटं आपल्या तातांनी रचलेल्या चालीवर गेलीत. रोमेकच्या चालीवर. तुझा मुलगा मैदानात उतरताना मी जी वाजवायचे, आणि तो गेला त्या ऑगस्टनंतर जिला मी कधी हात लावला नाही, तीच.

ब्रोन्या, शेजारी बसणाऱ्या ऑर्व्हिलनं नाव पुकारायला माईक तोंडाशी नेला आणि तसाच धरून राहिला. खाली फलंदाजामागे चेंडू झेलणारा पाहुण्यांचा कॅचर सरकून डावखुऱ्याच्या बाजूला बसला. अंपायर वाकला. पिचरनं चेंडू टाकायला पाय रोवला, तेव्हा गाणं तिथंच तोडायचं या नियमाप्रमाणे मी हात उचलले. पुढ्यात फलंदाज नव्हता. आमचा पोरगा अजून बाकावर नाडीशी झटत होता. आणि सगळं मैदान वाट बघत होतं. मग पिचर गोंधळून मागे झाला, अंपायरनं मुखवटा काढून उगाच जमिनीतली प्लेट झाडली आणि लोक हसले.

सामन्यानंतर खाली गेले तर मैदान राखणारा ऑगी शिव्या घालत होता. पाचव्या डावानंतर त्यानं चुन्याच्या रेघा नव्यानं मारल्या होत्या आणि डावखुरा फलंदाज उभा राहतो त्या चौकटीची मागची रेघ कुणीतरी पुसून टाकली होती. आज दोन्ही संघांत एकही डावखुरा नव्हता. ती रेघ पुसायची सवय कुणाची होती ते मला माहीत आहे आणि तुलाही.

वॉल्टरला माझी आठवण सांग. माझ्यावर रागावशील, पण लोभ मात्र कापू नकोस.

तुझी,
लोजाताई

---

टूसॉन,
३ मे १९७४

ती. लोजाताईस ब्रोन्याचा नमस्कार, वि. वि.

साष्टांग घालावा अशी या क्षणी माझी मनःस्थिती नाही, तेव्हा साध्या नमस्कारावर भागव.

असलं पत्र लिहिताना तुझा हात कसा धजला? ते गाव मी सोडलं ते खोकल्यासाठी, असं सगळ्यांना सांगते. तुला तरी खरं माहीत आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्या मैदानाचे दिव्यांचे खांब दिसायचे म्हणून सोडलं. आठ वर्षं मी खेळाचं नाव काढलेलं नाही. वॉल्टर रेडिओ ऐकतो तोसुद्धा गॅरेजमध्ये बसून. तुझं पत्र वाचून झाल्यावर त्यानं ते फ्रिजवर ठेवलं, जसं काही मी पाच वर्षांची आहे आणि माझा हात तिथं पोचणार नाही.

तिथं वारा असतो, ताई. चुना उडतो. तुझे डोळे म्हातारे झालेत, आणि वर खिडकीत एकटी बसून बसून तुझं डोकंही जरा वाऱ्यावर गेलंय. चर्चमध्ये दोन मेणबत्त्या लाव आणि तो विषय सोड.

बाकी इथं ठीक. शेजारच्या मिसेस ओर्तेगानं तामाले आणून दिले, मी तिला पियेरोगी दिले. दोघींनीही एकमेकींच्या पदार्थाचं कौतुक केलं आणि दोघींनाही तो आवडला नाही. खोकला सकाळी असतो, दुपारी नसतो.

लोभ आहेच, तो मी मागितला काय आणि न मागितला काय.

तुझी,
ब्रोन्या

ता. क. रेघ टाचेनं पुसली होती की चवड्यानं? एवढंच कळव. बाकी काही नको.

---

पोर्ट हार्लन,
२ जून १९७४

चि. सौ. ब्रोन्यास लोजाताईचे अनेक आशीर्वाद, तुझा राग जिरला असेल असं धरून.

टाचेनं. डाव्या.

तू विचारलंस म्हणूनच लिहिते आहे, नाहीतर मी गप्प बसणार होते. त्या दिवसानंतर मी ती चाल मुद्दाम वाजवून पाहिली. आधी एका रविवारी, मग पुढच्या. दर वेळी पाहुणा संघ नवा असतो. कुणी डोंगराकडची पोरं, कुणी दक्षिणेतली, रोमेकचं नावही ऐकलेलं नाही. तरी चाल सुरू झाली की कॅचर डावखुऱ्याच्या बाजूला सरकतो, अंपायर एक पाऊल मागे घेऊन कुणालातरी जागा करून देतो. तिसऱ्या बेसच्या मागे आपली म्हातारी मंडळी बसतात ना, ती टोप्या काढून हातात घेतात. त्या का काढल्या असं विचारलं तर त्यांना सांगता येत नाही. ऑर्व्हिलनं आता माईक बंद ठेवायला सुरुवात केली आहे. तो म्हणाला की माझं तोंड ते नाव घ्यायला बघतं, लोजा, आणि मला ते घ्यायचं नाही.

गेल्या आठवड्यात पाहुण्यांचा एक कॅचर सामना संपल्यावर जिना चढून वर आला. धिप्पाड गडी, पण पांढराफटक पडला होता. त्याला एवढंच विचारायचं होतं की माझ्या कानाशी जो शहाजिरं चघळत उभा होता, तो कोण? तंबाखू खाशील तर घरात पाऊल ठेवू नकोस असं तू पोराला दटावलं होतंस, आणि मग तो खिसा भरून तुझ्या डब्यातलं शहाजिरं न्यायचा. कॅचरला मी म्हटलं की आमच्याकडचा आहे, जरा जुना.

आता माझं एक मागणं आहे. फलंदाजाला चेंडू लागला की त्यानं पहिल्या बेसवर, म्हणजे धावेच्या पहिल्या थांब्यावर, जायचं, हा त्याचा हक्क. त्या दिवशी रोमेक तिथंच पडला आणि त्याच्या जागी दुसरा मुलगा धावला. तो बेस रोमेकला अजून मिळालेला नाही. मला वाटतं, चाल सुरू झाली की तो येतो आणि मी हात उचलले की अडकतो. माझ्या नोकरीत मी एकही गाणं शेवटपर्यंत वाजवलेलं नाही, ते तुला ठाऊक आहे. माझी ताई गाणं अर्धं खाते म्हणून तू मला किती चिडवायचीस. ही चाल संपेपर्यंत मी थांबले नाही तर कदाचित तो पुढे चालू लागेल.

पण मला ती पुढे येतच नाही. तातांनी ती स्वतः रचली, कुठं लिहून ठेवली नाही. मी सिस्टरांकडे चर्चचा ऑर्गन शिकत होते तेव्हा तू त्यांच्या मांडीवर बसून अ‍ॅकॉर्डियनची बटणं दाबत होतीस. दुसरं कडवं त्यांनी फक्त तुला शिकवलं. अ‍ॅकॉर्डियनही तुलाच दिलं, पण ते भांडण आज नको. ते कडवं मला पाठव. नुसती स्वरांची नावं लिहिलीस तरी मी जुळवून घेईन.

आणि तुला हवं असेल तर पुढच्या रविवारी आमच्या खोलीतला फोन मी खिडकीत धरीन. ऐक किंवा ठेवून दे. लोभ करशील तेवढा थोडा.

तुझी,
लोजाताई

---

टूसॉन,
१४ जुलै १९७४

ती. लोजाताईस ब्रोन्याचा शि. सा. नमस्कार वि. वि. या वेळी अगदी मनापासून.

आजचा फोन आत्ताच ठेवला आणि लगेच लिहायला बसले. ताई, मी ऐकलं. दर रविवारी ऐकते आहे, पण आज वारा नव्हता आणि अगदी स्पष्ट ऐकलं. तू वाजवतेस, मग सगळं चिडीचूप, आणि मग बुटाच्या खिळ्यांची ती खरखर. दोनदा लांब, एकदा आखूड. अंगणात सराव करताना तो तसंच करायचा आणि मी आतून ओरडायची की माझी ट्युलिप खणून काढशील. मग तुझ्या पलीकडून गलका होतो आणि फोन बंद होतो. एवढंसंच असतं, पण पुढचे सहा दिवस मला ते पुरतं.

वॉल्टर खोलीत थांबत नाही. थांबू नको म्हणावं. मी शनिवारी रोमेकच्या आवडीचे कोबीचे गोलाम्की करायला लागले आहे. खोकला गेला, विश्वास ठेव न ठेव. मिसेस ओर्तेगा म्हणाली की बाई, तुमच्या तोंडावर रंग आला.

तुमच्या महापौरांना पत्र घातलंय की मैदान पाडू नका. उत्तर आलं नाही तर दुसरं घालीन.

कडव्याचं विचारलंस. ते मी पाठवणार नाही. तू मला भोळी समजतेस काय? चाल संपली की तो जाईल, हे तूच लिहिलंस. मग मी संपवू का? आठ वर्षांनी पोरगं दारात उभं राहिलं आणि मावशी म्हणते, त्याला पुढे घालवून दे. तू लग्न केलं नाहीस, तुला मूल नाही, तुला हे कळणार नाही. लिहायला नको होतं, पण लिहिलं, आणि खोडत नाही.

तू आपली पहिलं कडवं वाजव आणि हात उचल. इतकी वर्षं तेच करत आलीस ना? पुढच्या रविवारी वाट बघते.

माया पातळ होऊ देऊ नकोस, मी कशीही बोलले तरी.

तुझी,
ब्रोन्या

---

पोर्ट हार्लन,
४ ऑगस्ट १९७४

चि. सौ. ब्रोन्यास आशीर्वाद.

मुलाबाळांबद्दल तू लिहिलंस ते मी वाचलं, घडी घातली आणि बाजूला ठेवलं. त्याला पाळणा मीही हलवलाय, पण जाऊ दे.

आज मी फोन केला नाही म्हणून तू चिडून बसली असशील. कारण सांगते. ब्रोन्या, तुला फोनवर गलका ऐकू येतो आणि मग फोन बंद होतो असं तू लिहिलंस. फोन आपोआप बंद होत नाही. मी ठेवते. दर वेळी त्या खरखरीनंतर मी पटकन तो खाली ठेवते, पुढचं तुझ्या कानावर जाऊ नये म्हणून.

पुढे चेंडू येतो. पिचरच्या हातातला चेंडू त्याच्या हातातच असतो, त्यानं टाकलेला नसतो. तरी तो येतो. सबंध मैदान एकदम श्वास आत घेतं, तसाच, त्या ऑगस्टमधल्यासारखा. आणि मग तो आवाज होतो. तो कसा असतो हे मी तुला लिहिणार नाही. तू त्या दिवशी मैदानात नव्हतीस, गिरणीत पाळीवर होतीस, याबद्दल मी देवाचे आभार मानत आले आहे. मी होते. मला तो ओळखायला अडचण पडत नाही.

आधी मला वाटलं होतं की हे भास आहेत. आज फोन न लावता वाजवली, तर कॅचरनं हात पुढे केले, एखाद्याला पडताना धरतात तसे, आणि गुडघ्यांवर तसाच राहिला. पोरगं अठरा-एकोणीसचं असेल. त्याला दोघांनी धरून बाहेर नेलं.

म्हणजे बघ, तुझ्या मुलाला आपण दोघी दर रविवारी बोलावतो, त्याला तो चेंडू पुन्हा लागतो, आणि पुढचे सहा दिवस आपल्याला ते पुरतं. तू अजाणता, आणि मी जाणूनबुजून, कारण तुझा फोनवरचा आवाज ऐकून मला वाजवल्यावाचून राहवत नव्हतं. मी आता ती चाल वाजवणार नाही. वाजवली तर पुरी वाजवीन, आणि पुरी तुझ्याजवळ आहे.

शेवटचा सामना एक सप्टेंबरला. मग मशीन्स येणार आहेत. त्यानंतर तो कुठं उभा राहील ते मला माहीत नाही, आणि त्या विचारानं झोप लागत नाही.

तुझ्या मायेची मला गरज आहे, पण त्याच्या आधी कडवं पाठव.

तुझी,
लोजाताई

---

टूसॉन,
१८ ऑगस्ट १९७४

ती. लोजाताईंना वॉल्टरचा नमस्कार.

मला पत्रं लिहिता येत नाहीत, हे आपण जाणताच. आपलं पत्र आल्यावर ब्रोन्या आधी दोन दिवस अंथरुणात होती. मग उठली आणि गोलाम्कीचं सगळं भांडं अंगणात पुरलं.

काल तिनं माळ्यावरून आपल्या वडिलांचं अ‍ॅकॉर्डियन काढलं. भाता एका बाजूनं फाटलाय, तरी मांडीवर घेऊन नुसती बटणं दाबत होती, आवाज न काढता. आज तिनं बॅग भरली. विमानात बसणार नाही म्हणते, बसनंच येणार. मी सोबत येऊ का म्हटलं, तर म्हणाली की तू घर सांभाळ, तुला तिथं सोसवणार नाही. खरंच आहे. मी त्या दिवशी पहिल्या बेसच्या मागे बसलो होतो. तो माझ्याकडेच येणार होता.

तिला स्टँडवर उतरवून घ्यावं. तिला जड जेवण देऊ नका, बसनंतर तिला सूपच चालतं.

आपला,
वॉल्टर

---

पोर्ट हार्लन,
२ सप्टेंबर १९७४

प्रिय वॉल्टर,

सुखरूप आहे, जेवते आहे, ताईनं चिकनचं सूप इतकं केलंय की गावजेवण घालता येईल. आम्ही दोघी आल्याच्या दिवशी भांडलो, दुसऱ्या दिवशी रडलो आणि आता बऱ्या आहोत. गुरुवारच्या बसनं निघते.

काल मी तो जिना चढले. मला वाटलं होतं पाय उचलणार नाहीत, पण उचलले. वर खोली केवढीशी आहे! इतकी वर्षं ती तिथं बसून वाजवत होती आणि मी समजत होते की तिचा थाट असेल. ऑर्व्हिल म्हणून एक म्हातारा आहे, त्यानं मला स्वतःची खुर्ची दिली, पण मी ताईच्या बाकावरच बसले. गर्दी बरीच होती. शेवटचा सामना म्हणून लोक पोराबाळांना घेऊन आले होते, सॉसेजचा वास सुटला होता, ऊन होतं.

कडवं मी तिला शिकवलं नव्हतं. कागदावर उतरवून दे म्हणून ती मागे लागली होती. मी म्हटलं, मी स्वतः वाजवीन. ऑर्गन मला येत नाही, पण उजव्या हाताची चार बोटं पुरतात, तातांनी मला तेवढीच शिकवली होती.

शेवटच्या डावात तिनं सुरुवात केली. वॉल्टर, फोनवर ऐकणं वेगळं. कॅचर बाजूला सरकला आणि त्या रिकाम्या चौकटीत माती हलली. चुन्याची रेघ पुसली जाताना मी बघितली, थोडी थोडी, टाचेएवढी. पुढे काय होतं ते मला ठाऊक होतं, म्हणून मी तिथून डोळे काढून पिचरकडे बघत राहिले. त्यानं पाय रोवला. ताईचे हात सवयीनं वर गेले, आणि तिथं मी माझी बोटं ठेवली.

अंपायरनं मुखवटा काढून वर बघितलं आणि हात केला, थांबवा म्हणून. आम्ही थांबलो नाही. ताईनं डाव्या हातानं खालचे सूर धरले, मी वरचे वाजवत होते. चुकले असेन, पण थांबले नाही. तो श्वास कुणी आत घेतला नाही. तो आवाजही झाला नाही. पिचर चेंडू हातात धरून उभा होता, आणि दुसरा चेंडू आला नाही, वॉल्टर. कुठूनही आला नाही.

मग पहिल्या बेसकडे जाणाऱ्या रेघेवर चुना उडायला लागला. पावलापावलानं, सावकाश, घाई नसलेल्या माणसासारखा. तिथला पाहुण्यांचा खेळाडू बेसपासून लांब उभा होता. तो आपसूक आत आला आणि एक पाय बेसवर ठेवून उभा राहिला, धावपटू आला की त्याला जखडून ठेवायला राहतात तसा. तुझ्या जुन्या जागेवर कुणीतरी टाळी वाजवली. ताईनं डोळे मिटून घेतले आणि म्हणाली, पोचला गं. मग आम्ही दोघी त्या बाकावर एकमेकींना धरून बसलो. तिला वाटतं, चाल तिथंच संपते. काल तिला शांत झोप लागली, घोरत होती.

आता जे लिहिते ते तिला कधी कळवू नकोस. चाल तिथं संपत नाही. शेवटचा एक सूर राहतो. तातांनी तो मला शिकवला तेव्हा बजावलं होतं की तो वाजवल्याशिवाय नाचणाऱ्यांना बसता येत नाही. माझं बोट त्या पट्टीवर होतं. खाली तो बेसवर उभा होता, इजा न झालेला, कुणाच्या वाटेला न जाणारा. आणि मला ते बोट दाबता आलं नाही.

पाहुण्यांचा तो खेळाडू सामना संपेपर्यंत बेसवरून हलला नाही. फलंदाज बाद झाला, लोक उठले, त्याचे सोबती टोप्या उडवत निघाले, तरी तो तसाच उभा होता. शेवटी त्याला हाताला धरून नेलं. जाताना तो मागे वळून बघत होता.

आज सकाळी मशीन्स आल्या. मी कुंपणापाशी जाऊन उभी राहिले आणि चालीचं दुसरं कडवं तोंडातल्या तोंडात गुणगुणले, शेवटचा सूर सोडून. परत येताना ताई म्हणाली की तू सारखी मागे का बघतेस. माझ्या मागून फुटपाथवर खिळ्यांचा आवाज येत होता. आत्ता लिहितानाही खोलीत शहाजिऱ्याचा वास आहे.

अ‍ॅकॉर्डियनचा भाता चिकटपट्टीनं नीट करून ठेव. आणि गॅरेजच्या मागे इथून नेलेली पिठाची जी जुनी गोणी आहे, लहानपणी तो पहिला बेस म्हणून वापरायचा ती, वाळू भरून अंगणात टाक, कुंपणाच्या बाजूला, जिथं तू खुर्ची घेऊन बसतोस. चुन्याची चौकट आखू नकोस. तिथं त्याला पुन्हा उभं करायचं नाही.

तो सूर मी घरी वाजवीन. वाजवल्यावर तो बसेल की जाईल ते मला माहीत नाही. आपण दोघं असू तेव्हाच वाजवीन, एवढं खरं. आणि त्या दिवशी तो तुझ्याकडेच यायचा होता, म्हणून तू खुर्ची टाकून तिथंच बस.

तुझी,
ब्रोन्या